बारशाचे बूट

शिकागो, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रफुल्लकाका,

सप्रेम जय भीम.

महिन्याला एक पत्र, तेही मराठीत, ही तुमची अट लक्षात आहे. मिशिगनमध्ये ट्रॉयला तुमच्याकडे उतरले होते तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "फोनवर तू सगळं बरंय एवढंच सांगशील. लिहिताना खोटं बोलायला वेळ लागतो." म्हणून ही लांबलचक ईमेल.

नोकरी सुरू झाली. शिकागोच्या उत्तरेला, तळ्याकाठी, किनरॉय ट्रस्टची दगडी इमारत आहे. मिस्टर किनरॉय तिचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज अर्ल ऑफ ड्रमार्नी, म्हणजे सतराशे सालच्या सुमाराला स्कॉटलंडच्या पार्लमेंटात गाजलेले सरदार. त्यांची सगळी कागदपत्रं घराण्यातल्या एका नातीबरोबर अमेरिकेत आली. चव्वेचाळीस खोकी आहेत. ती वाचून अर्लचं चरित्र लिहायचं, हे माझं काम. आणि काका, मुखपृष्ठावर माझं नाव येणार आहे! आपल्या घुग्घुसच्या खाण वसाहतीत, आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि आता पुस्तकावर नाव. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पुरं नाव टाकतील ना?"

एम.ए. नंतर इथं काम करायची जी मुदत मिळते ती नोकरीवर उभी असते. नोकरी गेली तर नव्वद दिवस, मग परतीचं विमान. त्यामुळे मी जपून आहे.

अर्लबद्दल थोडं. कारण न सांगता कुणालाही कोठडीत डांबता येणार नाही, असा कायदा व्हावा म्हणून हा माणूस दोन वर्षं सभागृहात झगडला. त्याच्या भाषणाचा मसुदा मी हातात धरला तेव्हा अंगावर काटा आला. तीनशे वर्षांपूर्वी एक श्रीमंत माणूस असं बोलला, याचंच मला कौतुक वाटलं.

ट्रस्टचं बोधचिन्ह म्हणजे बाळाचा एक बूट. दर्शनी दालनात काचेच्या पेटीत खरी जोडी आहे, चामड्याची, माझ्या बोटाएवढी. अर्ल आपल्या खाणीतल्या कामगारांच्या प्रत्येक मुलाला बारशाला असे बूट द्यायचा. खाली पाटी आहे : 'पहिलं पाऊल'. ट्रस्टमध्ये नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्याची चांदीची प्रतिकृती मिळते, एकच बूट. मला मिळालेला मी मैत्रिणीबरोबर घरी पाठवला. दादाच्या सम्यकचं नामकरण पुढच्या रविवारी आहे. आत्याची भेट.

एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. स्वागताच्या जेवणात टेबलांवर जुने खाणकामगारांचे दिवे मांडले होते. शेवटी काळ्या चॉकलेटचे ओबडधोबड गोळे आले. 'कोळसा' म्हणे. सगळे खात होते, काळ्या दातांनी एकमेकांकडे बघून हसत होते. मला बाबांची सकाळची काळी थुंकी आठवली. मी ताटली सरकवून दिली.

तुमची,
उपासना


ट्रॉय, १६ नोव्हेंबर २०२५

चि. उपासना,

जय भीम.

तुझं पत्र मी राधाकाकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. चॉकलेटच्या ठिकाणी ती म्हणाली, "पोरगी उपाशी राहिली म्हणजे." बायकांचं लक्ष बरोबर तिथंच जातं. मी म्हटलं, अगं, ती इतिहास लिहितेय! तर म्हणे, "रिकाम्या पोटानं?"

आता माझी बातमी ऐक आणि उडी मार. तुझ्या पत्रातली त्या कायद्याची गोष्ट वाचून मी सरळ मिस्टर किनरॉयना ईमेल केली. म्हटलं, आमचं मिशिगनचं आंबेडकरवादी मंडळ आहे, दर वर्षी जयंती करतो, तुमच्या पूर्वजांचे विचार आमच्या विचारांशी जुळतात. गड्यानं दुसऱ्या दिवशी फोन केला! स्वतः! येत्या १८ एप्रिलला, जयंतीनंतरच्या शनिवारी, तो आपला प्रमुख पाहुणा. आणि महाराष्ट्रातून शिकायला येणाऱ्या आपल्या सहा मुलांना ट्रस्टची शिष्यवृत्ती. नाव 'अर्ल ड्रमार्नी स्वातंत्र्य शिष्यवृत्ती'.

पोस्टर मीच डिझाइन केलंय. मधोमध बाबासाहेब, डावीकडे तुझा अर्ल. केसांचा टोप घातलेलं ते चित्र फार रुबाबदार आहे. रुही म्हणाली, "बाबा, ही लुक्स लाइक अ पूडल." सरदाराला झिपरं कुत्रं म्हणते! माझ्या पोरीला कशाचंच गांभीर्य नाही.

सत्तावीस वर्षं इथं काढली, बेटा. लायब्ररीची खोली मागायलासुद्धा मला तीनदा फोन करावा लागतो. पहिल्यांदाच कुणी मोठा माणूस आपल्या दारात स्वतः होऊन येतोय. तुझ्यामुळे.

तुझा,
प्रफुल्लकाका


शिकागो, ११ जानेवारी २०२६

प्रिय काका,

जय भीम.

डिसेंबरचं पत्र राहिलं. लिहायला बसले की मळमळायचं. आज सगळं लिहिते. कृपा करून शेवटपर्यंत वाचा आणि ते पोस्टर थांबवा.

एकतिसाव्या खोक्यात अर्लच्या कारभाऱ्याची एक वही सापडली. बारशांची वही. मुलाचं नाव, बापाचं नाव, तारीख, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी 'जोडे दिले'. अशी दोनशे बारा मुलं. मला इतका आनंद झाला होता! 'अर्लचं बालप्रेम' असं पानभर मी लिहूनही टाकलं. मिस्टर किनरॉयना ते पान फार आवडलं.

मग त्याच खोक्यात एका फिर्यादीचे कागद मिळाले. वॉल्टर हॉग नावाचा खाणकामगार अर्लच्या खाणीतून पळाला आणि तीस मैलांवर दुसरीकडे काम करू लागला. त्याला पकडून आणलं. तो म्हणाला, मी कुठल्याही कागदावर अंगठा दिलेला नाही, मी बांधील कसा? अर्लचं उत्तर एका ओळीचं आहे. 'याच्या बापानं याच्या बारशाला माझे जोडे घेतले होते.'

काका, ते बूट भेट नव्हते. खाणमालक बारशाला भेट द्यायचा. बापानं ती घेतली की ते बाळ जन्मभर त्या खाणीचं झालं. त्या काळी स्कॉटलंडात कोळसा काढणारे कायद्यानंच बांधलेले होते. मालकाच्या चिठ्ठीशिवाय दुसरीकडे काम नाही. पळालं तर चोर ठरवायचे. चोर कशाचा, तर स्वतःच्या अंगाचा, कारण अंग मालकाचं. हॉगच्या गळ्यात लोखंडी पट्टा घातला. त्यावर अर्लचं नाव कोरलं होतं. कुत्र्याच्या गळ्यात असतो तसा.

आणि तो थोर कायदा! तोच, ज्याच्या भाषणानं माझ्या अंगावर काटा आला होता. त्याच्या तळाशी एक ओळ आहे : हा कायदा कोळसा काढणाऱ्यांना आणि मीठ काढणाऱ्यांना लागू नाही. अर्लनं त्या रात्री मित्राला लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आहे. 'ती ओळ आत गेली. भाषणाची तारीफ सगळे करत आहेत, ओळीकडे कुणाचं लक्ष नाही.' खाली त्याची डौलदार सही. त्या सहीवर मी बोट फिरवलं होतं, काका, नोव्हेंबरमध्ये, कौतुकानं. परवा ते बोट मी साबणानं तीनदा धुतलं.

लबाड माणसं मी पाहिली आहेत. पण स्वातंत्र्यावर इतकं सुंदर बोलायचं आणि त्याच हातानं बाळांना बांधायचं, याची शिसारी येते. जन्मावरून माणूस बांधणाऱ्याचं तोंड बाबासाहेबांच्या शेजारी लावू नका. आणि तो चांदीचा बूट मी माझ्या हातानं सम्यकच्या नामकरणाला पाठवलाय. आईनं पाळण्याला टांगलाय. तिला अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

हे प्रकरण मी पुस्तकात घालणार आहे.

उपासना


ट्रॉय, १८ जानेवारी २०२६

चि. उपासना,

जय भीम.

तुझं पत्र वाचून मलाही वाईट वाटलं. पण आता माझं जरा शांतपणे ऐक.

तीनशे वर्षं झाली त्याला. त्या काळचे सगळेच राजेरजवाडे असेच. मिस्टर किनरॉयनं कुणाच्या गळ्यात पट्टा घातला नाही. तो बिचारा सत्तर वर्षांचा म्हातारा, पूर्वजांच्या फोटोंमध्ये रमतो. आपल्यालाही नाही का वाटत, आपल्या घराण्यात कुणी मोठा असता तर?

आणि सहा मुलांची निवड झालीय. अमरावतीची वीणा आहे. तिची आई अंगणवाडीत मदतनीस. रवी आहे, त्याला वडील नाहीत. या पोरांना मी आता फोन करून सांगू की तुमची शिष्यवृत्ती रद्द, का, तर एक सरदार सतराशे साली वाईट वागला?

कार्यक्रम होऊन जाऊ दे. पुस्तक यायला वर्ष आहे. तेव्हा तुला जे लिहायचं ते लिही, मीच पहिली प्रत घेईन.

ते प्रकरण मला पाठव. नीट वाचतो. आणि तुला हे इतकं का लागलं तेही लिही. नुसत्या इतिहासानं माणूस साबणानं हात धूत नाही.

काकू म्हणते जेवत जा. तिकडे डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत आता ज्वारीचं पीठ मिळतं म्हणे.

तुझा,
प्रफुल्लकाका


शिकागो, १ फेब्रुवारी २०२६

प्रिय काका,

जय भीम.

प्रकरण जोडलं आहे. बावीस पानं. तुम्ही विचारलंत म्हणून पुढचं लिहिते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त तुम्हाला, कारण तुम्ही त्याच वसाहतीत वाढलात.

बाबा पाळीवरून आले की खाणीचे बूट दाराबाहेर काढायचे. जड, टोकाला लोखंड, चिखलानं काळे. मी सहा वर्षांची असेन. एका दुपारी मी त्यांत पाय घातले आणि ठाक ठाक करत अंगणभर फिरले. दादा हसत होता, आई हसत होती. बाबा मागून आले आणि त्यांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. बाबांनी मला आयुष्यात तेवढं एकदाच मारलंय. मग स्वतःच ओट्यावर बसून राहिले, संध्याकाळी जेवलेही नाहीत. का मारलं ते मला कधीच सांगितलं नाही.

बाबा बांधलेले नव्हते. त्यांना पगार होता, संघटना होती, सुट्टी होती, आणि त्यांनी मला शिकवलं. वॉल्टर हॉगशी त्यांची बरोबरी मी करत नाही. पण ती वही उघडली की मला तो धपाटा आठवतो. दोनशे बारा बापांनी बाळासाठी बूट हातात घेतले, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

तुम्ही म्हणता म्हातारा रमतो. रमू दे. पण तो ते बूट आजही वाटतोय, काका. आणि घेणाऱ्याला सांगत नाही की ते काय आहेत. तुमच्या सहा मुलांना तो काय देणार आहे, विचारलंत का?

उपासना


ट्रॉय, ९ फेब्रुवारी २०२६

चि. उपासना,

जय भीम.

वाचलं. छान लिहितेस. जरा थांब, घाई करू नकोस. मी बघतो काय करता येईल ते. कामाची फार गडबड आहे, म्हणून एवढंच.

प्रफुल्लकाका


शिकागो, ३ मार्च २०२६

प्रफुल्लकाका,

काल मिस्टर किनरॉयनी मला बोलावलं. चहा दिला, बिस्किटं पुढे केली. म्हणाले, तुझं खाणीवरचं प्रकरण माझ्या वाचनात आलं. मी चकित झाले, कारण मी ते ट्रस्टमध्ये अजून कुणाला दिलंच नव्हतं. मग अगदी मायेनं, माझ्याकडे झुकून ते म्हणाले, "मी समजू शकतो. तुझ्या वडिलांनी लहानपणी बुटांवरून तुला मारलं. अशा जखमा राहतात. पण तुझ्या घरातलं दुःख तू माझ्या पूर्वजावर का काढतेस?"

काका, ती गोष्ट जगात एकाच पत्रात होती.

तुम्ही तिचं इंग्रजीत भाषांतर केलंत. बसून, शब्द जुळवून केलंत. "ओट्यावर" हा शब्द इंग्रजीत कसा लिहिलात? आणि मला लिहिलंत, "मी बघतो काय करता येईल ते." खोटं बोलायला वेळ लागतो म्हणायचात. पाच वाक्यांत जमलं की तुम्हाला.

त्या माणसाच्या तोंडून बाबांची गोष्ट निघत असताना त्याच्या मिशीला बिस्किटाचा चुरा लागलेला होता. तो चुरा बघत मी बसून राहिले. तुम्हाला कदाचित वाटलं असेल, असं लिहिलं की तो मला सांभाळून घेईल. मला सगळ्यात जास्त किळस याच सांभाळून घेण्याची आली. कारभाऱ्याच्या त्या वहीत एक ओळ आहे, 'आमचे कोळसेवाले आमच्या प्रेमाने बांधलेले आहेत.'

मग मिस्टर किनरॉयनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. प्रकरण काढायचं, 'बालप्रेम' ठेवायचं, आणि ट्रस्टच्या कागदांबद्दल बाहेर कधी बोलायचं नाही. सही केली तर मुखपृष्ठावर नाव, आणखी दोन वर्षांची नोकरी. मी सही केली नाही. दुपारपर्यंत माझं ओळखपत्र बंद झालं. टिपणं त्यांच्याकडेच राहिली. नव्वद दिवस कालपासून सुरू झाले.

टिपणं नसली तरी वहीतली एक नोंद मला पाठ आहे. मराठी करून खाली देते. तुम्हाला भाषांतराची आवड आहे, म्हणून.

'जॉनेट, कोळसा वाहणारी. बाळ मुलगी. नवरा खाणीत मेलेला, म्हणून जोडे हिलाच दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडे आमच्या दाराच्या पायरीवर सापडले. जॉनेट आणि बाळ गावात नाहीत. माणसं पाठवली आहेत.'

माणसांना ती सापडल्याची नोंद पुढे कुठेही नाही. दोनशे बारांत ही एकच.

१८ एप्रिलला टाळ्या वाजवताना तुम्हाला ही आठवू दे.

उपासना


ट्रॉय, २० एप्रिल २०२६

चि. उपासना,

जय भीम.

दीड महिना तू फोन उचलला नाहीस. बरोबर केलंस. हे पत्र तरी वाच.

मी तुझं पत्र किनरॉयला पाठवलं ते तुझी नोकरी वाचावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं तेवढंच नाही. मला कार्यक्रम वाचवायचा होता. पाहुणा रागावून येणार नाही, याची मला तुझ्यापेक्षा जास्त भीती होती. 'ओटा' शब्दाला इंग्रजीत मी 'पोर्च' लिहिलं. लिहिताना तुझा बाप, रामभाऊ, डोळ्यांपुढे आला, तो ओट्यावर मान खाली घालून बसलेला. तरी मी 'सेंड' दाबलं.

आता शनिवारचं सांगतो. तुझी ती जॉनेटची नोंद छापून, घडी घालून कोटाच्या खिशात ठेवली होती. स्टेजवर वाचायची ठरवली होती. वाचली नाही. दोनशे लोक होते, आमचे शेजारी होते, शहराच्या कौन्सिलच्या एक बाई होत्या. पोस्टर मागे तसंच होतं.

किनरॉय बोलला छान. स्वातंत्र्यावर बोलला. मग एकेका मुलाला पुढे बोलावून त्यानं त्याच्या हातात चांदीचा बूट ठेवला. "युअर फर्स्ट स्टेप." प्रत्येक जण वाकून दोन्ही हातांनी घेत होता, आपल्याकडे घेतात तसं. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो. फोटोत मी हसतोय. तो फोटो आता मंडळाच्या पानावर आहे आणि मला तो बघवत नाही. स्वतःच्या दातांची किळस येते, बेटा.

खाली उतरलो तर रुही विचारते, "बाबा, व्हाय अ बेबी शू? दे आर ग्रोन-अप्स." साधा प्रश्न. मी म्हटलं, सिम्बॉल आहे. "ऑफ व्हॉट?" उत्तर माझ्या खिशात होतं.

पाहुणा गेला. हॉलच्या स्वयंपाकघरात मुलं भांडी आवरत होती, काकू खिरीचं पातेलं खरवडत होती. तिथं मी तो कागद काढला. वॉल्टर हॉगचं सांगितलं, पट्ट्याचं सांगितलं, कायद्यातल्या त्या ओळीचं सांगितलं. मग जॉनेटची नोंद वाचली. नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

वीणा म्हणाली, "काका, हे तुम्हाला स्टेजवर जायच्या आधी माहीत होतं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आम्हाला घ्यायला का लावलंत?" पोरगी बावीस वर्षांची. माझ्याकडे असं बघत होती की मला सिंकखाली लपावंसं वाटलं. तिनं बूट रिकाम्या पातेल्यात टाकला. ठण्णकन आवाज झाला. आणखी तिघांनी टाकले. शिष्यवृत्ती जाईल हे चौघांनाही ठाऊक आहे. रवीनं नाही टाकला. म्हणाला, "काका, माझी आई वाट बघतेय. मला शिकायचंय. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा." एक मुलगा बूट घेऊन तसाच निघून गेला.

काकूनं ते चार बूट घासून, पुसून दिले. म्हणाली, "खीर लागलेली परत करू नये." या पत्राबरोबर पार्सल निघालंय. त्यांचं काय करायचं ते तू ठरव.

मंडळाचं सेक्रेटरीपद सोडलं. काल रामभाऊला फोन करून सगळं सांगितलं. अर्लबद्दल त्यानं विचारलं नाही, नोकरीबद्दल नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "प्रफुल्ल, तू तिचं पत्र दुसऱ्याला दाखवलं?"

माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

प्रफुल्लकाका


शिकागो, १० मे २०२६

काका,

जय भीम.

पार्सल मिळालं. राग गेलेला नाही, आणि तो गेला असं लिहिणार नाही. पण वीणाचा प्रश्न तुम्ही जसाच्या तसा लिहिलात, स्वतःला झाकलं नाहीत. म्हणून उत्तर देते. रवीला सांगा, माझ्याकडून त्याला एकही वाकडा शब्द नाही. सही न करणं मला जमलं, कारण परत गेले तर मला घर आहे, पेन्शन घेणारे बाबा आहेत.

तुमच्या फोननंतर बाबांनी सम्यकचा बूट पाळण्यावरून काढला आणि नागपूरहून येणाऱ्या एका मुलीबरोबर माझ्याकडे पाठवला. आई म्हणाली, सोन्यासारखी वस्तू, कपाटात ठेवू. बाबा म्हणाले, घरात नको. सम्यकला दात येताहेत. बुटाचा पत्रा पातळ; त्यानं आपटून, चावून टाच पार चेपवलीय. चांदीवर दोन इवल्या दातांचे व्रण आहेत. ते पाहिले आणि पहिल्यांदा मला रडू आलं. इतके दिवस नुसतीच मळमळत होते.

बुटाबरोबर बाबांची चिठ्ठी होती. त्यांचं अक्षर तुम्हाला माहीत आहे, चौथीपर्यंतचं. लिहिलंय : 'त्या दिवशी मारलं त्याची लाज वाटते. बूट तुला मोठे होत होते. पण तू ते इतके आवडीनं घालून फिरत होतीस, मला वाटलं एक दिवस बसतील.'

वीस वर्षं मी त्या धपाट्याचं कारण शोधत होते, काका.

काल सकाळी बस आणि मग ट्रेन घेऊन ट्रस्टवर गेले. शनिवार, लोकांसाठी दालन उघडं असतं. मी आत गेले नाही. मुख्य दाराच्या दगडी पायरीवर पाच बूट ओळीनं ठेवले. चार चकचकीत, काकूनं घासलेले, आणि शेवटी चेपलेला, दातांचे व्रण वर करून. वळून चालायला लागले तर गार्ड धावत आला. ओळखीचाच, भला माणूस. "मॅडम, तुमचं काहीतरी राहिलं!"

"राहिलं नाही," मी म्हटलं. "परत आणून ठेवलंय."

तो गोंधळला. मग म्हणाला, काही वस्तू सोडली तर नोंदवहीत नाव लिहावं लागतं, नियम आहे. त्यानं दारातली वही आणून पुढे धरली. मी पेन घेतलं. वस्तू : बाळांचे बूट, पाच. कुणाचे : ट्रस्टचे. मग नाव. देवनागरीत, सावकाश, काना-मात्रा नीट देऊन लिहिलं : उपासना रामभाऊ खोब्रागडे.

मुदतीतले एकवीस दिवस उरलेत. दोन ठिकाणी अर्ज केलेत, उत्तर नाही. बाबांना फोन करून सांगितलं की त्या इमारतीत नाव लिहून आले. ते म्हणाले, "पुरं?"

मी म्हटलं, "पुरं."

उपासना